मिटल्या डोळ्यांची शाबासकी

ता. ४ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

ठकी सुखरूप पोचल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. दीड महिना घर कसं भरलेलं होतं. आता एकटीचा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो.

माझ्याबरोबर ती रोज बालवाडीत यायची आणि सहा वर्षांची म्हणून लहानग्यांवर दादागिरी करायची. नाण्यांचा धडा चालू होता. पोरांना वाटतं, मोठं नाणं म्हणजे जास्त मोलाचं. दोनाचं मोठं नाणं सोडून पाचाचं छोटं उचलायला कुणी तयार होत नाही. म्हणून मी शेवटी नाणी पिशवीत घालते, डोळे मिटायला लावते आणि कडेवरून, वजनावरून ओळखायला सांगते. तुझी लेक उघड्या डोळ्यांनी हमखास चुकायची, एकाला पाच म्हणायची. डोळे मिटले की मात्र एक चूक नाही! सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढे पुढे मी तिला डोळे उघडूच दिले नाहीत.

तूही घरी असाच सराव घे. तिच्या वयाचा असताना तू नाणं ओळखायच्या आधीच खाऊच्या दुकानात पोचायचास, तेव्हा लेक तुझ्यावर गेली नाही हे उत्तम झालं.

सूनबाईंना आशीर्वाद सांग. पत्राला उशीर कर, पण विसरू नकोस.

तुझी,
ताई

ता. २० जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धरतो. दुकानात घड्याळांचा ढीग पडलाय, भिंग डोळ्यावरून उतरत नाही.

पत्र लिहायचं कारण म्हणजे ठकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. बाईंनी फळ्यावर नाण्यांचा तक्ता लावला होता. प्रत्येक चित्र ताटलीएवढं. ठकी म्हणाली, सगळी सारखीच आहेत. बाईंना वाटलं थट्टा करते, तासभर उभं केलं. घरी मीही एक चापट दिली. आता तुला काय सांगू, दुकानात फरशीवर नाणं टाकलं की नुसत्या आवाजावरून सांगते. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालतात. म्हणजे येत नाही असं नाही, शाळेत मुद्दाम करते.

तिची आई म्हणते, पोर उन्हात गेली की डोळ्यांतून पाणी येतं, दारातल्या पायरीला अडखळते. मी म्हटलं, धांदरट आहे झालं. एवढे टपोरे डोळे, सगळी आळी कौतुक करते. तुझ्या हाताखालून इतकी मुलं गेलीत, हट्ट कसा मोडायचा ते कळव.

लोभ आहेच, तो रागावूनही कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. २४ जुलै

चि. धाकट्यास अ. उ. आ.

हे पत्र हाती पडताच दुकान बंद कर आणि ठकीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. उद्यावर टाकू नकोस.

तुझं पत्र मी वर्गातच फोडलं. समोर पोरं डोळे मिटून पिशवीत हात घालत होती आणि एक बेटा पापण्यांच्या फटीतून बघत होता. तीस वर्षांत एकही पोर असं नाही की ज्याने चोरून बघितलं नाही. ठकीने दीड महिन्यात एकदाही बघितलं नव्हतं. मला वाटलं, काय प्रामाणिक पोर!

माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती? तिला हट्टी म्हणू नकोस. हात तर मुळीच उचलू नकोस. मला वाटतं ते खोटं ठरावं, एवढंच मागते.

तुझी,
ताई

ता. ११ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

तुला वाटलं ते खोटं ठरलं नाही. डोळ्यांच्या आत दाब वाढत गेला आणि त्याने नजर खाल्ली. ते टपोरेपणसुद्धा दाबामुळेच. डावा डोळा गेला. उजव्याला जवळचं थोडं दिसतं. सहा महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी केसाएवढी स्प्रिंग जुळवणारा माणूस, पोरीच्या डोळ्यांत कधी नीट बघितलं नाही.

डॉक्टरांनी तिला विचारलं, अंधुक कधीपासून दिसतं. ती म्हणाली, आत्याकडे जायच्या आधीपासून. मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, उघड्या डोळ्यांनी चुकलं की सगळे ओरडतात, मिटलेल्या डोळ्यांनी सांगितलं की टाळ्या वाजवतात.

ताई, तुझ्यावर राग नाही असं लिहायला बसलो होतो. ते खोटं होईल. राग आहे. त्याहून जास्त माझ्यावर आहे, ज्या हाताने चापट दिली त्याच्यावर आहे. ठकीची आई आठ दिवस धड जेवलेली नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी ठरलंय. आहे ती नजर तरी राहील का, याची हमी डॉक्टर देत नाहीत. ठकी रोज विचारते, आत्या कधी येणार. तू मंगळवारच्या आधी ये. ती तुला डोळ्यांनी एकदा बघून घेईल.

रागावलेला असलो तरी तुझाच,
धाकटा