बारकीची चादर

३ मार्च
आज पुन्हा! नातीनं, बारकीनं, ओली चादर गादीखाली कोंबलेली. वासावरून सापडली. सूनबाई कामावर निघायच्या घाईत. "सात वर्षांची घोडी झालीस! अशीच जाणार मामाकडे? कोरडी राहिलीस तरच पाठवीन." सुट्टीत मामाकडे जायचं म्हणून पोरगी केव्हाची नाचतेय. झोपेत होतं ते — तिनं ठरवून काय थांबणार?

मीही अक्कल चालवली. दुपारपासून तिचं पाणी पिणं बंद.

५ मार्च
पाणी बंद, तरी चादर ओलीच. वर पोरीचे ओठ सुकले!

वाचनालयातून मुलांच्या दुखण्यांचं पुस्तक आणलं. माझी शाळा चौथीपर्यंतच, बोट ठेवून वाचते. अडलं की ह्यांना विचारायची. आता अडलं की तिथंच बसते. पुस्तक म्हणतं — दिवसभर पाणी भरपूर द्या, संध्याकाळनंतर बेताचं. पोट साफ होतं का पाहा. रागावू नका. म्हणजे मी अगदी उलटं केलं!

९ मार्च
शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत येते. आज जवळ घेऊन विचारलं.

"संडासाला कडी नाही गं आजी. मुलं दार ढकलतात. म्हणून मी पाणीच पीत नाही. जातच नाही."

दिवसभर कोंडून ठेवते लेकरू! तशीच शाळेत जाऊन तिच्या बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "अगं बाई, सांगायचं नाही का? कडी बसेपर्यंत आमचा शिक्षकांचा वापरू दे तिला."

१६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "काळजीचं काही नाही. थांबेल, वेळ लागेल." पोट साफ व्हायचं औषध दिलं. "आणि ओरडणं बंद," हे सूनबाईकडे बघून.

वाटेत सूनबाई रडली. "आई, मला वाटायचं, मुद्दाम करते." आणि पोरीचं पाणी तोडणारी मीच!

२१ मार्च
काल कोरडी, आज ओली. पण चादर तिनं स्वतःच बादलीत आणून टाकली. लपवली नाही.

२२ मार्च
सूनबाई आज आपणहून म्हणाली, "जा मामाकडे." तर बारकी म्हणते, "नको. सगळे हसतील."

मुलगा, बारकीचा बाप, जेवता जेवता थांबला. "मीपण भिजवायचो. चांगला दहा वर्षांचा होईपर्यंत."

"काहीतरीच! मला कसं कळलं नाही?"

"बाबा तू उठायच्या आत धुऊन टाकायचे. म्हणून तर पहाटेचं धुणं त्यांच्याकडे होतं."

आणि मी जन्मभर समजत होते, माझी कंबर दुखते म्हणून धुतात!

बारकीनं विचारलं, "मग मामाकडे माझी कोण धुणार?"

"मी येतोय की बरोबर," मुलगा म्हणाला.