एकोणीस टमरेलं

आई, तुला हे आजच सांगायला पाहिजे, उद्यापर्यंत मला दम निघायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही इतकी वर्षं झाली, तरी ऑफिसातून आल्या आल्या चप्पलसुद्धा न काढता लिहायला बसलेय. ज्या गोष्टीवरून मी तुला जन्मभर खुळी ठरवलं, ती आज सकाळी मच्छे गावात माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा घडली. आणि या वेळी मला कळली.

निपाणीतली ती लांबलचक पत्र्याची खोली. तंबाखूच्या वखारीत कामाला येणाऱ्या बायका तिथं राहायच्या. भाडं मालक घ्यायचा, देखभाल तू करायचीस आणि त्या बदल्यात पुढची अंधारी खोली आपली. दारावर कन्नडात आणि मराठीत रंगवलं होतं, आठ जणींसाठी. राहायच्या एकोणीस. संडास एकच, खिडकीही एकच आणि ती खिळे मारून बंद केलेली. त्या पावसाळ्यात हगवणीची साथ आली. दोघींना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यातली एक परत आलीच नाही, तिच्या जागी मालकानं लगेच दुसरी आणली. तू मालकाकडे दोनदा गेलीस, त्यानं कानाआड केलं.

नगरपालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर येणार असले की मालकाचा हुकूम ठरलेला असायचा. आठ अंथरुणं ठेवायची, बाकीच्या वळकट्या वखारीत नेऊन टाकायच्या. त्या दिवशी मीही चार वळकट्या नेल्या आणि तंबाखूच्या भुकटीनं शिंकून शिंकून बेजार झाले. साहेब आले, आठ अंथरुणं मोजली, वहीत लिहिलं आणि निघाले. मालक दाराशी हात जोडून उभा. तेवढ्यात तू म्हणालीस, "सायेब, हात धुवायला मागं या की."

मागं संडासाच्या भिंतीला एकोणीस टमरेलं ओळीनं मांडलेली. प्रत्येकीचं वेगळं, ओळखू यावं म्हणून कडीला रंगीत चिंधी बांधलेलं. साहेबांनी तिथल्या रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि वही पुन्हा उघडली.

मालकाला नोटीस आली. खिडक्या उघडल्या, तीन नवे संडास झाले, अर्ध्या बायकांसाठी त्याला शेजारची खोली घ्यावी लागली. आपली भांडी मात्र दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर आली. माझं दहावीचं वर्ष होतं. मी भर रस्त्यात, सगळ्या बायकांसमोर तुझ्यावर ओरडले. "वळकट्या लपवल्यास आणि टमरेलं तशीच ठेवलीस? डोस्कं हाय का न्हाय तुला?" तू पातेली गोळा करत होतीस. वर न बघता म्हणालीस, "इसरले गं."

मी ते खरं मानलं. पुढं मी स्वतः आरोग्य निरीक्षक झाले, आणि आता नव्यानं भरती झालेल्यांना शिकवताना हा किस्सा हमखास सांगते. अंथरुणं मोजू नका, टमरेलं मोजा. सगळे पोट धरून हसतात. तुलाच हसतात, आई, आणि मीही हसते.

आज मच्छेच्या कारखान्यांतले कामगार राहतात तिथं तपासणीला गेले होते. ठेकेदारानं दहा खाटा दाखवल्या, चादरी कडक इस्त्रीच्या. मी सही करायला पेन काढतेय आणि आतून स्वयंपाकाची बाई पदराला हात पुसत येते. "मॅडम, हात धुवायला मागं या की."

आई, तेच शब्द! मी पेन तसंच हातात धरून तिच्यामागं गेले. मागं नळावरच्या फळीत भोकं पाडून दात घासायचे सव्वीस ब्रश खोचलेले, अजून ओले. ठेकेदार म्हणतो पाहुण्यांचे आहेत. मी बाईकडे बघितलं, तर ती नळाकडे बघतेय. तूही त्या दिवशी अशीच रांजणाकडे बघत होतीस.

मग सगळं धडाधड आठवत गेलं. टमरेल चोरीला जाईल म्हणून जी ती आपल्या उशाशी ठेवायची. भिंतीला ओळ मी एरवी कधी बघितलीच नव्हती. ती लावली कुणी? कुठली चिंधी कुणाची हे एकोणीस जणींचं तोंडपाठ असलेली बाई विसरते होय? डोक्यावरचं छप्पर जाणार हे माहीत असून तू ओळ लावलीस, आणि मला सांगितलं नाहीस, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आई, मी गाडीत एकटीच मोठमोठ्यानं हसत होते आणि रडत होते. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा बघितलं.

अहवालात मी लिहिलंय की हात धुण्यासाठी मी स्वतःहून मागे गेले. बाईचा उल्लेख नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत अहवालात लिहिलेलं हे पहिलं खोटं.

उद्या पुन्हा वर्ग आहे. तुझी खरी गोष्ट ओरडून सांगावीशी वाटतेय. पण ती एकदा पसरली की प्रत्येक ठेकेदार आधी स्वयंपाकघरातल्या बाईवर नजर ठेवेल. म्हणून हे कागद माझ्याच कपाटात राहतील, आणि उद्याही मी हसत हसत सांगेन की माझी आई विसरली होती.