मोठ्या भोकांची जाळी

४ मार्च, मंगळवार
आधी आल्या त्या चष्मेवाल्या बाई. त्यांचा इंजिनिअर मागून, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून घामाघूम. बाई बाग खात्यातल्या, पोरांची खेळणी तपासतात. चहा नको नको म्हणाल्या आणि दोन कप प्यायल्या. म्हणजे बाई आपल्यातली. मुलाने केलेली जाळी बघायला आल्या होत्या. मधे लोखंडी खांब, भोवती तंबूसारखी दोरांची जाळी, पोरांनी वर चढायचं. ओढून बघितली, छान म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी शेवटची तपासणी. पास झाली तर सगळ्या बागांचं काम आपलं, नाही तर कारखान्याला कुलूप, असं मुलगा म्हणतो. पण तो जन्मापासून रडकाच.
मला एकच खटकलं. भोकं केवढाली! अख्खं पोर आरपार जाईल. मुलाला म्हटलं तर म्हणाला, आई, मापात आहेत ती, तू हात लावू नकोस. बरं. नाही लावणार. ठरलं म्हणजे ठरलं.

६ मार्च, गुरुवार
लावला. पण थोडाच. मुलगा दोन दिवस सामान आणायला परगावी, सून ऑफिसात, जाळी ताडपत्रीखाली एकटी. उरलेला दोर शेजारीच पडलेला. तो काय उगाच पडला असेल? भोकाच्या मधून एकेक दोर ताणला आणि पाळण्याची गाठ मारली. माझी गाठ आजवर सुटलेली नाही. नणंदेचा पाळणा तर शेवटी कापावा लागला.

७ मार्च, शुक्रवार
सगळी झाली. काय देखणी दिसते! ताडपत्री होती तशी घातली. सरप्राइज. सुनेने विचारलं, आई, हाताला काय झालं? म्हटलं, भांडी घासली. खोटं नाही, भांडीपण घासली होती.

११ मार्च, मंगळवार
तपासणी जोरात. मुलाने ताडपत्री काढली आणि बघतच राहिला. इतका आनंद झाला की ताडपत्री हातातच राहिली. बाईंनी पिशवीतून लाकडाचं डोकं काढलं, लहान पोराच्या डोक्याएवढं, मागे दांडा. मला हसूच आलं. भोकात घातलं. गेलं. मग बाहेर येईना. बाईंनी ओढलं, इंजिनिअरने ओढलं. मी म्हटलं, बघा, कशी घट्ट धरते!
बाई म्हणाल्या, भोक एक तर इतकं बारीक हवं की डोकं शिरणारच नाही, नाही तर इतकं मोठं की पोर सहज बाहेर येईल. यात पाय, अंग खाली जाईल, डोकं वर अडकेल आणि पोर लटकेल. मी म्हटलं, आमची पोरं शहाणी आहेत.
बाईंनी विचारलं, हे दोर कोणी बांधले? मुलगा म्हणाला, मी. बघा! दोन दिवस राबले मी आणि श्रेय याने घेतलं. जाऊ दे, लेकरूच आहे. मग म्हणाला, मॅडम, एक तास द्या, कापून टाकतो. मला राग आला, माझ्या गाठी कापणार म्हणे! बाई म्हणाल्या, प्रश्न दोराचा नाही हो. माप माहीत असून तुम्ही असं बांधता, मग मी पोरं कोणाच्या भरवशावर चढवू? बाईंनी कागदावर भरभरून लिहिलं. एवढं लिहितात म्हणजे चांगलंच असणार.

१३ मार्च, गुरुवार
काम दुसऱ्या कारखान्याला गेलं म्हणे. असेल तात्पुरतं. मी बाईंना फोन करून नीट समजावणार होते. सून म्हणाली, आई, पाया पडते, नका. मुलगा कारखान्यात दिवा न लावता बसलाय. विजेची बचत करतो, शहाणा.

१९ मार्च, बुधवार
पाहुणे आले! दोघे भाऊ. मी खुर्च्या पुसल्या आणि विचारलं, केवढी जाळी हवी? धाकटा थोरल्याकडे बघायला लागला. थोरला म्हणाला, आजी, जाळी नको, आम्हाला दोरांचे जोड दाबून बसवायचं मशीन हवंय, आणि जमलं तर जागाही. मुलाने त्यांना सगळं फिरून दाखवलं, मशीनला तेल कधी घालायचं तेसुद्धा सांगितलं.
ते गेल्यावर विचारलं, मग तू जाळ्या कशावर करणार? म्हणाला, सोमवारपासून दुसऱ्याकडे कामाला जातोय. मी म्हटलं, त्या बाईंचीच नजर वाईट. त्याने माझे हात हातात घेतले, दोराने सोललेली, अजून न भरलेली बोटं बघितली आणि मलम लावून दिलं. म्हणाला, आई, झोप आता.
त्याला ठाऊक होतं की काय?
पाहुणे शनिवारी येतो म्हणालेत, टेम्पो घेऊन.