पडद्याच्या दोन्ही बाजूंनी हिमालय

कात्रज, पुणे
१२ फेब्रुवारी २००७

तीर्थरूप सर्जेरावमामांना,

प्रियदर्शनीचा वाकून नमस्कार. आई, आबा आणि धाकटा इंद्रजीत यांचेही नमस्कार यातच धरावेत. हे पत्र लिहिते आहे हे त्यांना सांगितलेलं नाही, पण सांगितलं असतं तर त्यांनी नमस्कार कळवलेच असते. मामींच्या गुडघ्याला उतार असेल अशी आशा आहे. त्यांनी जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं आईकडून कळलं, आणि त्या पापड वाळत घालायला रोज गच्चीवर जातात हेही तिच्याकडूनच कळलं. आम्ही इकडे सर्व ठीक आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. घरचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथे आबा बसतात. माझा मोबाइल आहे, पण तुम्ही अकलूजहून बोललात की तो कानाला लावलेला असूनही बाहेरच्या खोलीत ऐकू जातो.

मला मे महिन्यात उत्तरकाशीला अठ्ठावीस दिवसांच्या गिर्यारोहणाच्या शिबिराला जायचं आहे, हे दिवाळीत तुमच्या कानावर आलंच होतं. कंपनीने बिनपगारी रजा दिली (साहेबांनी मान वर न करता ‘बर्फात कशाला’ एवढंच विचारलं). अर्जावर घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीची सही लागते, मुलगी चोवीस वर्षांची असली तरी लागते, आणि अडलं होतं ते तिथेच. आबा नाही म्हणत नव्हते. ते ‘बघू’ म्हणत होते. घाटाच्या बाजूच्या जमिनीबद्दल आबांनी बिल्डरला ‘बघू’ म्हटलं, तेव्हा आपलं गाव ग्रामपंचायतीत होतं. बघून झालं तेव्हा महापालिकेचे नळ आले होते. माझ्या अर्जाची मुदत मात्र फेब्रुवारीअखेर आहे.

ऑफिसात माझ्या शेजारी नम्रता बसते. ती शनिवार पेठेतली, तिथल्या एका गिर्यारोहण मंडळात आहे. त्या मंडळाकडे एक प्रोजेक्टर आहे आणि साहसावरच्या चार छोट्या फिल्म आहेत. त्या आपल्या देवळासमोरच्या पटांगणात सगळ्या गावाला दाखवाव्यात, गावात आबाही येतील, आणि माणसाने एखादी मोठी गोष्ट नीट डोळ्यांनी पाहिली की त्याचं मन आपोआप मोठं होतं, असा माझा विचार होता. (अजूनही आहे.) नम्रता म्हणाली की त्यांच्या पेठेत असं अजून कुणाचं झालेलं नाही, पण प्रयत्नाला मनाई नाही.

आबांना कार्यक्रमाचं सांगताच ते एकदम उत्साहात आले. मला वाटलं, निम्मं काम झालं. दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. त्यावर गावातल्या तेवीस मान्यवरांचे फोटो होते, मधोमध गॉगल लावून मोबाइलवर बोलणारा इंद्रजीत होता, आणि एका कोपऱ्यात, छापखान्याच्या फोन नंबराच्या वर, पोस्टाच्या तिकिटाएवढा हिमालय होता. खाली ‘निवेदन : कु. प्रियदर्शनी (बी.एस्सी.)’ असं होतं. कंस आबांनी सांगून घालून घेतला होता. आपल्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आबा तो कंस कुठेही घालतात. मागे माझ्या नावाने गॅसचा नंबर लावतानाही घातला होता.

कार्यक्रम परवा, शनिवारी सात वाजता होता. मंडपवाले मच्छिंद्रकाका दुपारीच येऊन पडदा बांधून गेले होते. तो त्यांनी पटांगणाच्या एका टोकाला न बांधता बरोबर मधे बांधला. जत्रेतला सिनेमा त्यांच्या वडिलांपासून असाच बांधला जातो : पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बायका. पातळ कापडातून चित्र दोन्हीकडे दिसतं, फक्त बायकांना उलटं दिसतं. मी म्हटलं, काका, सगळ्यांनी एकाच बाजूला बसायला काय हरकत आहे? ते म्हणाले, हरकत कुणाचीच नाही, पण बसणार कोण? खरंच कुणी बसलं नाही. खुर्च्या एका बाजूला भरल्या, सतरंज्या दुसऱ्या बाजूला. फिल्म इंग्रजीत असल्याने मराठीत सांगण्यासाठी मी माईक घेऊन पडद्याच्या काठाशी उभी होते. गावात दोन्ही बाजू दिसणारी अशी तेवढीच जागा होती.

आधी सत्कार झाले. फ्लेक्सवरचे तेवीस आणि फ्लेक्सवर जागा न मिळाल्याने नाराज असलेले चार, सगळ्यांना शाल आणि नारळ. प्रोजेक्टर चालूच राहिला होता, त्यामुळे सगळे सत्कारमूर्ती निळे दिसत होते. शालींचा गठ्ठा संपला तेव्हा पहिल्या चौघांच्या शाली मागून आणून पुढच्या चौघांना घातल्या. नम्रताने माझ्या कानात विचारलं, शिखर राहू दे, आज बेस कॅम्प तरी दिसेल का? साडेआठला पहिली फिल्म लागली.

ती एका माणसाची होती, जो एकटा वल्हं मारत समुद्र ओलांडतो. गेनबाआजोबांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं की डिझेल संपलं काय. मी सांगितलं, बोटीला इंजिनच नाही, त्याने मुद्दाम घेतलेलं नाही. यावर पुरुषांच्या बाजूला बराच वेळ विचार झाला आणि तो माणूस घरी भांडून निघालेला असावा असं ठरलं. दुसरी फिल्म वाळवंटातून सायकलवर जाणाऱ्या नवराबायकोची होती. तिच्यात बाई पुढे आणि नवरा मागे होता, हे मागच्या बाजूला फार आवडलं. तिसरी गुहेत उतरणाऱ्यांची होती. तिच्यात बहुतेक काळोखच होता, म्हणून तेवढ्यात चहा दिला.

चौथी माझी होती. म्हणजे माझ्या मनातली. बर्फाच्या उभ्या भिंतीवर एक मुलगी चढते. वयाने माझ्याएवढीच असेल. दोनदा घसरते, हात फुटतात, एका जागी बसून रडते आणि मग उठून पुढे जाते. मी सांगायचं विसरले आणि कुणी सांगायलाही लावलं नाही. सतरंज्यांवरून द्वारकाकाकूंनी एकदाच विचारलं, ‘हिच्या आईला ठाऊक हाय का ही कुठं गेलीय ती?’ ती मुलगी वर पोहोचली तेव्हा पहिल्या टाळ्या मागच्या बाजूने आल्या. मग पुढच्या बाजूनेही वाजल्या. आबा शालीच्या टोकाने डोळे पुसत होते, मामा. मी स्वतः पाहिलं. आपले आबा.

ते उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातून माईक घेतला. आबा म्हणाले, ‘आज डोळं उघडलं माझं. मानसानं एवढं करून दाखवलं, मग आपल्या गावानं का मागं ऱ्हायाचं? ह्या मे महिन्यात आपल्या घरातनं बी एक जन बर्फावर जानार.’ एवढं बोलून ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘माझा इंद्रजीत जानार.’

टाळ्या पुष्कळ झाल्या. इंद्रजीत कडेला मोटारसायकलवर रेलून बसला होता, तो सावकाश सरळ झाला. नम्रताने प्रोजेक्टर बंद केला. तिने त्यावर काहीच टोमणा मारला नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता हे तुमच्या लक्षात येईल.

घरी जेवताना आईने आबांच्या पानात भाकरी वाढली आणि विचारलं, ‘चढत हुती ती पोरगीच हुती न्हवं?’

आबा म्हणाले, ‘ती परदेशातली हुती.’

‘मागनं बगितलं म्हून काय झालं,’ आई म्हणाली, ‘पोरगी पोरगीच दिसत हुती.’ आणि ती दुसरी भाकरी आणायला गेली.

जेवण झाल्यावर आबांनी मला अर्ज आणायला सांगितला. आपल्या घरात कागदाची एक पद्धत आहे : आबा आधी सही करतात आणि मजकूर मी नंतर भरते. आठवीपासून रेशनकार्ड, घरपट्टी, इंद्रजीतचं लायसन, सगळं असंच झालं आहे. आबांनी चष्मा न लावता सही केली, म्हणाले, ‘घे, भर त्याचं नीट. तुला येतंय सगळं,’ आणि झोपायला गेले. त्यांच्या आवाजात माझं कौतुक होतं. ते खोटं नव्हतं, म्हणून भांडताही आलं नाही.

तर कार्यक्रम एकंदरीत यशस्वी झाला. फिल्म पाहून माणसाचं मन मोठं होतं हे सिद्ध झालं आहे. मामींनी जिना चढू नये. तुम्ही प्रकृतीला जपावं.

तुमची भाची,
प्रियदर्शनी

ता. क. काल इंद्रजीत माझ्याकडे येऊन दार लावून बसला. ‘तायडे, मला टाकीवरनं खाली बगितलं तरी गरगरतंय,’ म्हणाला. मी म्हटलं, मग आबांना सांग. तो म्हणाला, आबा घरात बोलले असते तर सांगितलं असतं, ते माईकवर बोललेत. माईकवरचं घरात कसं बदलणार? मला ते पटलं. चौकात त्याचा बर्फातला नवा फ्लेक्सही लागला आहे. बर्फ खरा आहे, कोट मात्र आपल्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरू वकिलांचा काळा कोट वाटतो.

ता. क. २. बर्फ मे महिन्यात असला तरी इंद्रजीतचा शुभेच्छा समारंभ पंचवीस तारखेच्या रविवारी आहे. पत्रिकेचा मजकूर नेहमीप्रमाणे मी केला आणि आबांनी नेहमीप्रमाणे आधी सही केली. प्रमुख पाहुणे म्हणून तुमचं नाव आहे. आबा खूश आहेत. मेव्हण्याचं नाव त्यांना आधी सुचलं नाही याचंच त्यांना वाईट वाटलं. तुम्हाला शाल मिळेल, नारळ मिळेल आणि बोलायला माईक मिळेल. चार माणसांसमोर तुमचा शब्द आबांनी आजवर खाली पडू दिलेला नाही. काय बोलावं हे मी तुम्हाला सांगणं बरं दिसत नाही, पण इंद्रजीत पहिल्या रांगेत बसणार आहे आणि तो लगेच टाळ्या वाजवेल. आई या वेळी पुढच्या बाजूला बसणार आहे.

ता. क. ३. अर्ज सगळा भरून तयार आहे. आबांची सही शाईची आहे. नावाच्या जागी मी माझं नाव लिहिलं आहे, पण पेन्सिलीने. कुणी विचारलं तर खरं सांगणार आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.