मार मात्र खरा लागला

चंदू,

दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि बेल न वाजवताच परतलो. म्हणून लिहितोय. टाकीन की नाही, ठाऊक नाही.

ठरवलं होतंस तूच. तुझ्या टायपिंग क्लासमधल्या अनुपमाला मी पार्ले स्टेशनबाहेर गुंड बनून छेडायचं, तू धावत येऊन मला हाणायचं, आणि ती तुझ्यावर फिदा. पिक्चरमध्ये असंच होतं ना! पण यार, तू उशीर केलास. मला काही छेडता येईना. शेवटी मी तिला किती वाजले ते विचारलं.

"तुमच्या हातात घड्याळ आहे की!" ती म्हणाली आणि माझा चेहरा बघून हसायलाच लागली. मीपण हसलो. तेवढ्यात तू आलास आणि ठोसा मारलास.

ती तुझ्यावरच ओरडली, "चंद्रप्रकाश, का मारतोस यांना?" तू पाठ फिरवून निघून गेलास. तिने माझ्या फुटलेल्या ओठाला आपला रुमाल लावला, तेव्हा मी तिला सगळं खरं सांगून टाकलं. ती आधी भडकली. मग म्हणाली, "छेडायला आलात आणि टाइम विचारलात?"

रविवारी तिने मला घरी चहाला बोलावलंय. आईला सांगून ठेवते म्हणाली. दया आली असेल का रे? तिथे मी तुझ्यासाठी बोलू की माझ्यासाठी? हिरोच्या दोस्ताला हिरोईन चहाला बोलावते, असा पिक्चर मी अजून पाहिलेला नाही.

चंदू, तुला ती खरंच आवडते का?

मला आवडते.

अजून दोस्त मानत असशील तर तुझाच,
लवू