चादरीचं चौथं टोक

माजरी, रविवार

माय,
तुह्या पाया पडतो. मी बरा हावो. खाणीवर डंपर चालवतो, डब्बा वेळेवर भेटते. तुहा गुडघा कसा हाय? पुनमले सांग, हे पत्र तुले सावकाश वाचून दाखव.

मकबूलभाऊ पंचायतीच्या निवडणुकीत नऊ मतांनी पडला, हे तू फोनवर सांगतलं, तवा मी गोष्ट बदलून फोन ठेवला. आपली विहिरीवरची मोटार बिघडली का तोच सायकल घेऊन दुरुस्तीले धावत येते, तरी त्याले एक फोन केला नाही.

गावाच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. हातात हिरवं कापड, खाली लिहिलेलं, 'पाकिस्तानच्या झेंड्याले मत देता का?' माय, तो झेंडा नव्हता. ती दर्ग्यावर चढवाची उरुसाची चादर होती. आजोबापासून तिचं एक टोक आपल्या घरचा माणूस धरते. औंदा मीच धरलं होतं. कोणीतरी फोटोतून बाकीच्या तिघांले कापून टाकलं, पण कोपऱ्यात एक मनगट राह्यलं. त्यातलं तांब्याचं कडं माहं हाय.

मी पाहताबरोबर वळखलं. ग्रुपवर एक ओळ लिहाची होती. वाटलं, ग्रुपवरचे पोरं मलेच चिडवतीन, म्हणून लिहिली नाही.

मकबूलभाऊ अजून आपल्याकडं येते का? चहा पेते का?

सोबत पूर्ण फोटो छापून पाठवतो, चौघंही दिसतात. पंचायतीच्या भिंतीवर लावजो. कोणी विचारलं, हा कुठून आला, तर खरं सांगजो. मतदानाच्या दिवशीही तो माह्याच मोबाईलात होता.

तोंड दाखवायले लाजणारा तुहा,
हेमराज