पटावरची चौथी गाय

पलीकडच्या काठावरच्या धाकट्या नमूंगाला थोरल्या चोल्वेचा ओंजळभर आशीर्वाद. गुडघा वाकतो का गं? उरलेले दोन दात समोरासमोर आहेत, की एकमेकांवर रुसलेत? माझ्या हुक्क्याचा भोपळा तडकलाय, बाकी आम्ही सगळे बरे. (लिहिते आहे माझी नात लुयांदो. अक्षर सुबक असेल तर तिचं, अक्कल असेल तेवढी माझी.)

तर बातमी अशी, की मी पुन्हा शेतकरीण झाले, आणि पायाला चिखल न लागता! शेतकी खात्याचे म्वेंबासाहेब (वयाने माझ्या नातवाएवढे, पण पायात मोजे, म्हणून साहेब) एक रंगवलेला पट घेऊन आले. शेतीतला नफातोटा आम्हा बायांना कळावा म्हणून हा खेळ म्हणे. पटावर वर्षाचे महिने गोल मांडलेत. फासा टाकायचा आणि तेवढी घरं पुढे जायचं. बियाणं म्हणून वालाचे दाणे आणि गुरं म्हणून बोटाएवढ्या लाकडी गाई, मोजून दहा. चिठ्ठी उचलली की कधी पाऊस, कधी हत्ती. (हत्ती मला तीनदा आला. खऱ्या हत्तींनीसुद्धा माझ्याशी एवढा दावा धरला नव्हता.) दर गुरुवारी चिंचेखाली बसतो.

पहिल्याच दिवशी मी दोन शेतं मागितली, एक माझं, एक तुझं, बांधाला बांध लावून. साहेब म्हणाले, "आजी, जो हजर नाही त्याला शेत मिळत नाही." मी म्हटलं, "बाळा, आमच्या आईने नदीकाठी दोघींना दोन पट्टे दिले होते. धाकटी लग्न होऊन पलीकडे गेली तरी होडीतून येऊन पेरायची, आणि बाळंतीण असली की दोन्ही मी पेरायची. तिचा पट्टा पडीक राहिला असं एकदाही झालं नाही." साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून-मागून चाळलं. त्यात बहिणी नव्हत्याच. मग तुझ्या नावाचे वालाचे दाणे मोजून माझ्या हातात दिले. पुढे मी विचारलं, पावसाचं पीक झालं, पूर ओसरल्यावर काठावर घ्यायचं दुसरं कुठंय? तर म्हणाले, "आजी, तो काठ आता धरणाच्या पाण्याखाली आहे." मला सांगतोय! गाव उठवलं तेव्हा मी कणसं उभी सोडून ट्रकात चढले होते.

असो. तुझं शेत मात्र माजलंय. तुझ्यासाठी फासा मी डाव्या हाताने टाकते आणि मेला तोच हात नशीबवान निघाला. माझ्याकडे हत्ती, तुझ्याकडे चार गाई! आणि या गाईंना राखण लागत नाही हो. तू सहा वर्षं निरोप धाडतेस, "येते गं, पण गाय कोण बघेल?" एव्हाना ती गाय पणजी झाली असेल. पूर्वी इकडून हाक मारली की तू तुझ्या अंगणातून ओ द्यायचीस. आता पाणी एवढं पसरलंय की तुझा काठ दिसतसुद्धा नाही. तरी संध्याकाळी एक हाक मारते. लुयांदो विचारते, "आजी, कुणाला गं?" मी म्हणते, कोंबड्यांना.

आता वाईट बातमी. गेल्या गुरुवारी तुझी एक गाय चोरीला गेली. दहा भरल्याशिवाय पट उघडायचा नाही, असं साहेबांनी सांगितलं. बिचाऱ्यांना जेवण जात नाही. सगळ्यांचा संशय खेळ बघायला येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या हंतांबोवर. त्याने खिसे उलटे केले, तर तंबाखू आणि शेजारच्या मैंझाचा हरवलेला चमचा निघाला. गाय नाही. मीच सगळ्यात मोठ्याने म्हटलं, "चोराचे हात झडोत!"

सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि त्या गाईलाही.

तुझी थोरली,
चोल्वे

ता. क. मासळीच्या होडीवाल्याकडे पत्रासोबत एक पुरचुंडी दिली आहे. त्याला औषध म्हणून सांगितलंय. एकटी असताना सोड. (लुयांदोने पेन्सिल खाली ठेवली होती. मी म्हटलं, बोललेलं लिही, न्यायनिवाडा मागाहून.)

दुसरा ता. क. होडीवाल्याच्या हाती परत पाठवू नकोस, मी घेणार नाही. तुझी गाय तूच हाकत आण. कमरेला खोचलीस की मावते. घरची ती खरी गाय सुनेच्या गळ्यात बांध. लवकर ये, हंतांबोला लोक चोर म्हणतायत. आणि तुझं शेत मी एकाही गुरुवारी पडीक ठेवलं नाही, पण नमू, डावा हात आता दुखायला लागलाय.